पाण्याचा बाप

आफ्रिकेतल्या लेसोथोच्या डोंगरातलं पाणी धरणाने शहराकडे वळवलं. तेव्हापासून खालच्या ओढ्यात मासे जगताहेत का, हे तपासायला परदेशी साहेब दर महिन्याला येत. दर खेपेला गुडघाभर पाणी आणि माशांच्या उड्या! ते खुशाल लिहून टाकत, ‘सगळं ठीक.’

पाहुण्याला आपल्यातलं नाव द्यायची गावाची रीत. साहेबांचं नाव पडलं रामेत्सी, म्हणजे पाण्याचा बाप. साहेबांची कॉलर ताठ!

आज मात्र राहवेना, म्हणून जाळं टाकणाऱ्या मामोसाबाईंना त्यांनी विचारलंच, “एवढा मान कशाबद्दल हो?”

 

“तुम्ही यायच्या आदल्या दिवशी तेवढं धरणाचं दार उघडतं, रामेत्सीबाबा. या खेपेला जावयासारखा महिनाभर मुक्काम ठोका की!”