‘जेरिको’ची भिंत

“टाक, तेही टाक,” कप्तान टिलेट म्हणाला.

इंजिनियर मॅक्नेअरने हातातल्या खारवलेल्या डुकराच्या मांडीकडे एकदा प्रेमाने पाहिलं आणि ती भट्टीत टाकली. कोळसा संपल्यापासून यादवी युद्धातल्या दक्षिणेच्या आरमाराची ‘जेरिको’ ही चिलखती युद्धनौका मांसावर चालली होती. म्हणजे चालली नव्हतीच. नदीच्या मधोमध उभी राहून नुसता खमंग वास सोडत होती. उपाशी खलाशी धुराड्याखाली जमून आपली न्याहारी हुंगत होते.

“वाफ किती झाली?”

“रस्सा होईल साहेब, वाफ नाही व्हायची.”

खालच्या वळणावर उत्तरेच्या तोफनौकांचा धूर दिसू लागला होता. तोफांची टिलेटला फिकीर नव्हती. ‘जेरिको’च्या अंगावर लांबलांब लोखंडी पट्ट्या शेजारीशेजारी ठोकलेल्या होत्या, मागच्या लढाईत गोळे त्यांवर आपटून मुकाट पाण्यात पडले होते. एवढं लोखंड आणलं कुठून, हे देश संकटात असताना विचारत नाहीत. दक्षिणेत लोखंड होतं, फक्त ते वापरात होतं. टिलेटने गुलामांच्या टोळ्या लावून ते मोकळं केलं आणि गव्हर्नरांच्या हातून मानाची तलवार मिळवली.

पण जागचं न हलणारं जहाज शत्रूने दोर बांधून ओढून नेलं असतं. म्हणून वेळ आलीच तर ते उडवून देण्यासाठी तोफांच्या दारूच्या कोठारापर्यंत वात पसरून ठेवली होती.

“साहेब, काडी ओढा आता,” मॅक्नेअर हळूच म्हणाला. “पोरं पोहून तरी जातील.”

“जहाज माझं आहे! कोळशाची गाडी सुटलीय, तशी तार आलीय. येईल गाडी.”

धूर जवळ आला. खलाशांनी बूट काढले. काहींनी प्रार्थना सुरू केली, काहींनी अर्धवट सोडली.

तेवढ्यात म्हातारा स्टेशनमास्तर यारबरो होडी वल्हवत आला. डोक्यावर रेल्वेची टोपी होती.

“गाडी?” टिलेट कठड्यावरून ओरडला.

“आली ना! अगदी वेळेवर. डबे शिगोशीग भरलेत. पाच कोसांवर उभी आहे.”

“उभी? अहो, मग पुढे आणा की! ड्रायव्हर झोपलाय का तुमचा?”

यारबरोने वल्हं उलटं धरून जहाजाच्या भिंतीवर ठकठक केलं.

“कशावरनं आणू, कप्तान? आमचे रूळ तर तुम्ही अंगावर घालून बसलाय.”