यादीतलं पहिलं नाव

हज करून आलेल्या हज्जा तफीदाचं नाव तिच्याच नातीने निरक्षरांच्या यादीत घातलं होतं. तेही सगळ्यात वर. यादी युवाकेंद्राच्या दारावर चिकटवलेली, आणि हज्जाला हे कळलं कुणाकडून, तर मुळ्याच्या जुड्या विकणाऱ्या अझीझाकडून.

"हज्जा, पहिलीत बसणार म्हणे तुम्ही. दप्तर घेतलंत का?"

हज्जा मुलुखियाची पालेभाजी चिरत होती. दोन मुठींची सुरी तिने पाटावर आपटली. तिसरी शिकलेली बाई ती. साऱ्या गल्लीची पत्रं, औषधांच्या चिठ्ठ्या, कोर्टाचे कागद तिच्या ओट्यावर यायचे. तिने वाचल्याशिवाय कुणाच्या घरी हसायचं की रडायचं ते ठरत नसे. ती अडाणी?

"बघितलेस तुझ्या लेकीचे गुण?" ती सुनेवर खेकसली.

कवसर परातीशी बसून पिठात बोटाने रेघा ओढत होती. सासूचा आवाज आला तशी तिने तळव्याने पीठ सारखं केलं.

"काय झालं, आत्याबाई?"

"काही नाही. तू पीठ मळ."

हिरव्या हातांनीच हज्जा निघाली.

युवाकेंद्रात वीसेक मुली प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर बसल्या होत्या. कॉलेज संपलं की वर्षभर समाजसेवा करायची, असा सरकारी नियम. त्या सेवेचं प्रशिक्षण कालच सुरू झालं होतं. नात रीहाम हिच्या वाट्याला साक्षरतेचा वर्ग आला होता. आठ बायकांना शिकवायचं, वर्षाअखेरीस त्या परीक्षेत पास झाल्या की दाखला. दाखला नसेल तर नोकरीचा अर्जसुद्धा कुणी हातात घेत नाही.

हज्जाने दारावरची यादी ओरबाडली आणि आत शिरली.

"उस्ताद, मी अडाणी ना? मग ऐका, अडाणी कशी वाचते ते."

शिकवणारे उस्ताद रिफअत खडू धरून उभेच राहिले. हज्जाने कागद डोळ्यांपासून लांब धरला.

"तफीदा अब्दुल-बारी. ही मी. सामिया लबीब." इथे ती कुत्सित हसली. "सामिया तीस वर्षं पोस्टात होती. इन्शिराह फौझी. ही तर पोरींना कुराण वाचायला शिकवते."

चौथ्या नावाला तिचा आवाज उतरला. पाचवं, सहावं. आठच्या आठ बायकांना वाचता येत होतं.

मुली माना खाली घालून बसल्या. उस्तादांना एकाएकी फळा पुसायची आठवण झाली.

रीहाम उठून तिच्या कानाशी आली. "आजी, हळू बोल. सगळ्याच असं करतात. वाचता येणाऱ्या बायका घेतल्या की परीक्षेचा घोर नाही. खरी अडाणी घेतली तर माझं वर्ष फुकट जाईल."

"का?"

"त्यांच्या डोक्यात शिरत नाही गं. आईचंच बघ ना. चार अक्षरांचं नाव, पण ते तरी येतं का तिला?"

हज्जाचा हात उठला. पोरीच्या थोबाडीत द्यावी असं तिला फार वाटलं. पण थोबाड नक्की कुणाचं फोडायचं, तेच तिला कळेना. चोवीस वर्षांपूर्वी कवसर नवी नवरी म्हणून आली तेव्हा मशिदीमागच्या वर्गाला जायला लागली होती. दोनच दिवस गेली, आपल्या नावातली दोन अक्षरं शिकली. दुसऱ्या दिवशी पीठ मळायला उशीर झाला, आणि हज्जाने तिची वही भाकरीच्या भट्टीत टाकली. सून तशीच पीठ मळायला बसली होती.

हज्जाने यादी टेबलावर ठेवली, उस्तादांच्या खिशातलं पेन काढून घेतलं आणि आठही नावांवर काट मारली.

"आजी, माझ्या दाखल्याचं काय?"

"सात बायका मी आणते. गल्लीत कुणाला वाचता येत नाही ते मला विचार. त्यांची पत्रं मीच वाचते. आता त्यांची त्यांना वाचू दे."

"आणि आठवी?"

हज्जाने पेन तिच्या मुठीत कोंबलं.

"आठवी नव्हे, पहिली. सगळ्यात वर तुझ्या आईचं नाव लिही. तिच्या डोक्यात शिरत नाही म्हणालीस ना? तिची वही मी जाळली. तरी ती रोज पिठात दोन अक्षरं काढते आणि मी आले की पुसते. तू एवढं कॉलेज शिकलीस, तुला ती कधी दिसली नाहीत. मला दिसायची, मी वाचली नाहीत. आपल्या घरात अडाणी दोघी आहेत, रीहाम, आणि तुझी आई त्यात नाही. जा, तिला तिसऱ्या अक्षरापासून शिकव."