मंगळावरची तीच लढाई

विज्ञानकथा वाचणाऱ्यांची बैठक या रविवारी दिगंबररावांच्या घरी होती. ‘सध्या काय वाचताय’ अशी सुरुवात झाली, तेव्हा त्यांनी नऊशे पानांची कादंबरी मांडीवर घेतली.

“लेखकाने काळाशी काय खेळ केलाय,” ते म्हणाले. “मंगळावरची तीच लढाई पुन्हा पुन्हा येते. नायक पुढे निघतो आणि वाचणारा अलगद मागे गेलेला असतो. चार महिने झाले, पण पुस्तक सोडवत नाही.”

सगळ्यांनी आदराने माना हलवल्या.

पोहे घेऊन आलेली त्यांची बायको कुमुद दारातच थबकली. रोज धूळ झटकताना तिच्या हातून त्या जाडजूड पुस्तकातली खूण खाली पडायची. मग हाताला येईल त्या पानात ती खोचून टाकायची. ते सांगायला तिने तोंड उघडलं.

तेवढ्यात पाटणकर म्हणाले, “अगदी खरं. मीही तेच वाचतोय. माझी तर ती लढाई सहाव्यांदा चाललीय.”

कुमुदने त्यांच्या बशीत जरा जास्तच पोहे वाढले.

“भाऊजी, तुमच्याकडे पुस्तकांची धूळ कोण झटकतं?”

“आमची ही. का हो वहिनी?”

“काही नाही. लिंबू घ्या.”