एकतीस फुलदाण्या

नवऱ्याला मूठमाती देऊन घरी आले, तर शेजाऱ्यांनी दारात डॅफोडिलच्या जुड्या ठेवलेल्या. आमच्या न्यूलिन बंदराच्या कोळ्यांनी शंभर वर्षांपूर्वी, वादळात मासेमारी बंद असताना, ठोकून घडवलेल्या तांब्याच्या एकतीस फुलदाण्या या माणसाने जमवल्या. पण चाळीस वर्षांत एकीतही मला फूल ठेवू दिलं नाही. पाण्याने डाग पडतो म्हणे! घासायच्या नाहीत, बोट लावायचं नाही. लग्नाच्या वाढदिवसाची फुलंसुद्धा जॅमच्या बरणीत! एकदा वैतागून विचारलं, "मी मेल्यावर माझी फुलं तरी यांत ठेवशील ना?" त्याने बराच वेळ विचार केला. "कोरडी असतील तर," म्हणाला. आज नणंद मॉर्वेनाने सगळ्यांत मोठी फुलदाणी उचलून नळाखाली धरली. "वहिनी, आता कोण अडवतंय?" मी ती तिच्या हातातून हिसकावली. "अगं, वेडी आहेस का? डाग पडला तर तो घर डोक्यावर घेईल!"