नको, नको

कडूबा पाटलांनी ताटावर हात आडवा धरला आणि म्हणाले, ‘‘नको, नको. बास.’’

शेरवानी-फेट्यातला वेटर कमरेत वाकला, ‘‘जी सर’’ म्हणाला आणि पुरणपोळ्या घेऊन पुढं सरकला. पाटलांचा हात ताटावर तसाच राहिला. जरा वेळानं त्यांनी तो उचलून उगाच मिशीवरून फिरवला.

शेजारी त्यांच्या बायकोची, भागूबाईंची, तीच गत. भाजीला नको म्हणाल्या, भाजी गेली. तुपाला नको म्हणाल्या, तूप गेलं. ताट परातीएवढं आणि त्यात वाढलं होतं काय, तर चतकोर पोळी आणि एक भरलं वांगं. ते कधीच संपलं होतं.

बद्रीनाथला यातलं काही दिसत नव्हतं. वाळूजच्या कंपनीत सुपरवायझर झाल्यापासून त्यानं ठरवूनच टाकलं होतं, बहिणीच्या, गोदाच्या, सोयरिकीची बोलणी उस्मानपुऱ्यातल्या दोन खोल्यांत करायची नाहीत, थीम पार्कातल्या ह्या ‘महाला’तच करायची. काचेपलीकडं माणसं पाण्याच्या घसरगुंडीवरून किंचाळत खाली येत होती. सिमेंटचा हत्ती सोंडेतून कारंजं उडवत होता.

‘‘मामा, सर्व्हिस बघा इथली,’’ बद्रीनाथ म्हणाला. ‘‘एकदा नको म्हणलं की परत त्रास देत नाहीत.’’

‘‘बघायलोय ना,’’ पाटील म्हणाले.

गोदाचं तोंड एवढंसं झालं होतं. तिनं आणि पाटलांच्या पोरानं एकमेकांना कधीच पसंत केलं होतं. त्याला आज सुटी मिळाली नव्हती, पण त्याच्यावाचून काही अडलंही नव्हतं. राहिला होता तो फक्त ह्या दोघांचा होकार. तिनं टेबलाखालून आईचा हात घट्ट धरला.

आई, म्हणजे सारजाबाई, सकाळपासून गप्प बसली होती. लेकानं बजावलंच होतं, ‘‘आई, तिथं सगळं तेच करतात. तू नुस्तं बसायचं.’’ बसली होती बिचारी. पण ज्या बाईनं आख्ख्या भावकीच्या पंगती वाढल्या, तिला समोरचं रिकामं ताट दिसणार नाही व्हय?

भागूबाईंनी पदरानं तोंड पुसलं. ‘‘सारजाबाई, शहरात आल्यावर माणूस एकदाच इचारतं का हो?’’

‘‘चला, निघावं आता,’’ पाटील खुर्ची मागं सारत म्हणाले. ‘‘उजेडी सिल्लोड गाठलेलं बरं. बाकीचं मग कळवू.’’

सारजाबाईनं दोघांच्या ताटांकडं बघितलं. अगं बाई, हे उपाशी उठले! पहिल्यांदा वाढायला आलं की पाहुण्यानं नको म्हणायचं आणि वाढणाऱ्यानं ते ऐकायचं नाही, एवढी साधी गोष्ट. आता हे गावी जाऊन सांगणार, त्यांच्यात दुसऱ्यांदा कुणी इचारलंसुदिक नाही. आणि पोरीचं ठरलेलं लग्न एका पोळीपायी मोडणार.

ती उठली. पदर कमरेला खोचला. वेटरच्या हातातल्या पोळ्या घेतल्या, दुसऱ्या हातात तुपाचं भांडं घेतलं.

‘‘मॅडम, आप बैठिये. अलाऊड नहीं है.’’

‘‘तुझं चालू दे बाबा. पाहुणे माझे हायत.’’

‘‘आई, बस ना!’’ बद्रीनाथ दातओठ खात पुटपुटला. ‘‘लोक बघायलेत.’’

‘‘बघू दे. तिकीट काढून आलेत ना सगळे? बघू दे की.’’

ती पाटलांच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली. ‘‘बसा खाली. हात काढा.’’

‘‘नको हो, लई झालं.’’

‘‘दिसायलंय मला, किती झालं ते!’’ पाटलांच्या बोटांवरूनच तिनं एक आख्खी पोळी ताटात सोडली. ते ‘अहो, अहो’ करेपर्यंत दुसरी पडली. पाटील बसले. बसले ते बाह्या सारूनच.

मग भागूबाई. त्यांनी दोन्ही हात ताटावर पालथे घातले. ‘‘माझ्यानं खरंच जायचं नाही.’’

‘‘हात काढता, का हातावरच वाढू?’’

‘‘नको म्हणते ना!’’

सारजाबाईनं तुपाची धार धरली ती थेट बोटांवरच. ‘‘अगं बया!’’ म्हणून भागूबाईंनी हात मागं घेतले, तेवढ्यात पोळी ताटात गेली आणि तिच्यावर तूपही. बोटं चाटत भागूबाई हसल्या, ते आजच्या दिवसातलं पहिलं हसू. ‘‘अशी वाढणारी बाई मी माझ्या आईनंतर आज बघितली,’’ त्या म्हणाल्या.

शेजारच्या टेबलावरच्या एक आजीबाई मान वळवून बघत होत्या. त्यांनीही आपल्या ताटावर हात धरला. सारजाबाईनं त्यांनाही वाढलं.

वेटर हात बांधून उभा. बद्रीनाथ पाण्याचा ग्लास तोंडाला लावून बसलेला. पाटील तिसऱ्या पोळीवर आले, तशी सारजाबाई तुपाचं भांडं हातात घेऊनच भागूबाईंसमोर परत आली.

‘‘मंग? आमची गोदा घेता का सून करून?’’

भागूबाईंनी गोदाकडं एकदा नीट बघितलं. गालातल्या गालात हसल्या. पुन्हा रिकाम्या झालेल्या ताटावर हात पालथा घातला, आणि लांब सुरात म्हणाल्या, ‘‘नको, नको.’’

गोदा तोंडाला ओढणी लावून खुदकन हसली. वेटरचं तोंड मात्र उतरलं. तो हळूच बद्रीनाथच्या कानाशी वाकला. ‘‘सॉरी सर. मना कर दिया?’’

ते सारजाबाईनं ऐकलं.

‘‘थांब रे बाबा,’’ ती म्हणाली. ‘‘आत्ता कुठं एकदा इचारलंय.’’