चिमी हरवली आहे

मॉलमधली दुकानं एकेक करून बंद पडली होती आणि उद्यापासून मॉललाच कुलूप लागणार होतं. चौकशीच्या टेबलामागे मी एकटीच होते. नेहमीप्रमाणे दुपारी आई आली.

"अहो ताई, माझी चिमी हरवलीय. सहा वर्षांची आहे. पिवळा फ्रॉक, दोन वेण्या. मेली हात सोडून पळते."

'अगं आई, मीच चिमी' म्हटलं की ती घाबरून रडते. म्हणून मी रोज नुसतं माइकवरून नाव पुकारते. वाट बघताबघता ती विसरते, मग मी तिला घरी नेते.

"चिमी, असशील तिथून चौकशीच्या टेबलापाशी ये. आई वाट बघतेय."

आवाज घुमून विरला. पावलाचं वजन पडल्याशिवाय न हलणारा सरकता जिना वरून खाली येऊ लागला. त्यावर कुणीच नव्हतं.

आई उठली. "कुठे होतीस गं?" म्हणत तिनं हात पुढे केला, मूठ अलगद मिटली आणि ती दाराकडे चालू लागली.

मला राहवेना. "आई!"

ती थांबली. मागे न बघता हाताशी वाकली.

"ओरडतेस कशाला, चिमे? धरलाय ना हात."