पुतळा पूर्ण आला पाहिजे

परदेशच्या सहलीत, तिथल्या थोर नेत्याच्या पुतळ्यासमोरच्या चौकात वर्षाच्या मुलीने आईचं बोट सोडलं आणि चक्क पहिल्यांदाच चालू लागली.

घरी सगळ्यांनी जिवाचं रान केलं होतं तेव्हा ही ढिम्म हलली नव्हती. आणि इथे, जिथे मोठी माणसंही विचारल्याशिवाय पाऊल उचलत नव्हती, तिथे बाईसाहेब दोन्ही हात पसरून डुलत निघाल्या. आईने धांदलीत फोन काढला. फोटो मिळाला: एक पाय हवेत, तोंडभर हसू. फोनमधून डोकं वर काढलं तोवर मुलगी फरशीवर होती.

"आजोबांवर गेलीय," सासूबाई म्हणाल्या. "मनात येईल तेव्हाच चालायचं."

बाप सुट्टी नाही म्हणून घरी राहिला होता. त्याला हा फोटो दाखवायचा, एवढंच आईच्या डोक्यात होतं.

बसकडे परतताना गाइड शेजारी आली. आईच्याच वयाची, निळ्या कोटातली. आल्यापासून कोण मागे राहतं, कोण कशाचा फोटो घेतं, यावर हिची सारखी नजर. आईला तिची धास्तीच बसली होती. गाइडने हळूच फोन मागितला.

मुलीच्या मागे फक्त दोन भलेमोठे बूट दिसत होते. बाकीचा पुतळा कापला गेला होता.

फोटोत पुतळा डोक्यापासून पायापर्यंत पूर्ण आला पाहिजे, हे गाइडने सकाळीच बसमध्ये बजावलं होतं. आईने मानही डोलावली होती. पण लेकरू चालायला लागल्यावर मागचा पुतळा दिसतो कुणाला?

"फाटकावर फोन बघतात," गाइड म्हणाली.

सासूबाई पुढे सरसावल्या. पोरीच्या फोटोत कसलं मेलं पाप, आणि पाहुण्यांना काय करणार आहेत, म्हणाल्या.

"तुम्हाला काही नाही करणार, आजी. जाब मला विचारतील."

बस कुठे उभी आहे हे सांगावं, तसं तिने सांगितलं. सासूबाई दोन पावलं मागे सरकल्या. हे घरीसुद्धा क्वचित घडायचं.

आईने मुलीला पुन्हा उभं केलं. लांब जाऊन, अख्खा पुतळा घेऊन दुसरा फोटो काढू म्हणाली. मुलगी मटकन खाली बसली आणि फरशीची फट बोटाने कोरू लागली. पुढे फाटकावर शिपाई हात पुढे करून उभा होता.

आईने फोटो डोळे भरून पाहिला आणि पुसला. मग पुसलेल्या फोटोंच्या कप्प्यात जाऊन तिथूनही पुसला. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

शिपायाने फोन चाळून परत दिला.

बसमध्ये मुलगी मांडीवर पेंगली. तिच्या बाबाला काय सांगायचं आता, आई सासूबाईंना म्हणाली. चालली आणि पडली, झालं.

गाइड प्रत्येकाचा पट्टा तपासत येत होती. आईपाशी आल्यावर ती वाकली, बक्कल ओढून पाहिलं, आणि मान वर न करता म्हणाली,

"पडली नाही. तोल गेला होता, पण सावरला तिने. मग आपली आपण बसली. मी बघत होते."